न्यायमूर्ति रानडे यांची इतिहासाची उत्तरपत्रिका

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या वर्गांत एक प्रश्न हटकून निघतो. उजळणी चाललेली असते, फळ्यावर सनावळी लिहिलेली असते, आणि मागच्या बाकावरील एखादा मुलगा उभा राहून विचारतो, कीं उत्तर पुस्तकांत आहे तसें लिहावें कीं आपणांस पटेल तसें? गेल्या वर्षीं हा प्रश्न मराठी राज्याच्या उदयाच्या धड्यावरून निघाला. विचारणारा मुलगा वात्रट नव्हता. त्यानें धडा दोनदां वाचला होता व त्यांत दिलेलें एक कारण त्यास खरोखरच पटलें नव्हतें. घंटा व्हावयास थोडाच अवकाश होता. आम्हीं त्यास सांगितलें कीं, परीक्षेपुरतें पुस्तकाप्रमाणें लिही, मग पुढें पाहूं. मुलगा खालीं बसला. परंतु त्याच्या मुद्रेवरील निराशा घरीं पोंचेपर्यंत आमच्या डोळ्यांपुढून हालेना, आणि त्या रात्रीं आम्हीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें चरित्र पुन्हां काढून वाचलें. ह्याच विषयावर, म्हणजे मराठ्यांच्या राज्यावर, पटलें तें लिहिल्याबद्दल शिष्यवृत्ति गमावलेला एक विद्यार्थी महाराष्ट्रांत होऊन गेला आहे, हें त्या मुलास सांगावयाचें आमचें राहून गेलें होतें. तें आतां येथें सांगतों.

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. वडील गोविंदराव त्या वेळीं तेथील कचेरींत हेड कारकून होते. पुढें ते कोल्हापूरच्या दरबारीं नोकरीस गेले, आणि महादेवरावांचें बालपण कोल्हापुरांतच गेलें. लहानपणीं हा मुलगा कोणासही हुशार वाटला नाहीं. बोलणें अडखळत, अंगानें स्थूल, खेळांत मागें. ह्याच्या हातून पोटापुरती तरी मिळकत होईल कीं नाहीं, अशी आईला चिंता पडे. शेजारच्या कीर्तने यांच्या घरचीं मुलें त्याच्यापेक्षां चलाख समजलीं जात. ज्या पालकांना आपल्या मुलाच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतील गुणांवरून त्याचें सारें भविष्य दिसूं लागतें, त्यांच्याकरितां आम्ही ही गोष्ट मुद्दाम नमूद करीत आहों.

ह्या काळांतील एक आठवण सर्व चरित्रकार देतात. एके दिवशीं सोंगट्या खेळावयास कोणी सोबती मिळेना, तेव्हां लहानगा महादेव घरांतील खांबाशींच खेळूं लागला. उजव्या हातानें खांबाचें दान टाकावयाचें आणि डाव्या हातानें स्वतःचें. डाव खांबानें जिंकला. घरचीं माणसें हसलीं, परंतु त्यास त्यांत वावगें कांहींच वाटलें नाहीं. उजव्या हाताला फांसे टाकण्याची संवय, डाव्याला नाहीं, मग खांब जिंकावयाचाच. आम्हांस ह्या गोष्टींत विशेष वाटतें तें हें, कीं त्यानें चांगला हात प्रतिपक्षाला दिला. पुढें इतिहास लिहितांना हीच संवय त्याच्या उपयोगीं पडली.

कोल्हापुरास मराठी शाळा व नंतर इंग्रजी शाळा झाल्यावर, वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षीं महादेवराव कीर्तने यांच्या मुलांबरोबर मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें आले. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची मॅट्रिक्युलेशनची पहिलीच परीक्षा झाली. ह्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेवराव होते. पुढें १८६२ सालीं बी. ए. ची पहिली परीक्षा झाली. तींत चौघे उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांचींही नांवें पुढें महाराष्ट्रांत गाजलीं. आजच्या विद्यार्थ्यांनीं क्षणभर कल्पना करावी. ह्या चौघांपुढें मागील वर्षाची प्रश्नपत्रिका नव्हती, कारण मागील वर्षच नव्हतें. कोणत्या धड्यावर प्रश्न येण्याचा संभव अधिक, हें सांगणारा वडील बंधु नव्हता, गाईड नव्हतें, वर्गांत उतरून दिलेलीं प्रश्नोत्तरें नव्हतीं. परीक्षा कशी असते हेंच मुळीं कोणास ठाऊक नव्हतें. अशा परीक्षेची तयारी करण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे विषयच शिकून घेणें.

आणि महादेवरावांनीं तो शिकून घेतला. कॉलेजच्या ग्रंथालयांतील इतिहासाचीं व अर्थशास्त्राचीं पुस्तकें ते कपाटामागून कपाट वाचीत गेले. ग्रीस, रोम, इंग्लंड, युरोपखंड यांचे मोठमोठे इतिहासग्रंथ त्यांनीं परीक्षेला नेमलेलीं पानें सोडून इतर पानांसकट वाचले. दक्षिणा फेलो म्हणून त्यांना कॉलेजांत अध्यापनाचें कामही करावें लागे. आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों, कीं एखादा धडा आपणांस समजला आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असल्यास तो धाकट्या भावंडास समजावून सांगावा. सांगतां सांगतां जेथें जीभ अडखळेल तेथें आपलें अज्ञान आहे असें समजावें. रानड्यांना तर ही परीक्षा रोजच्या रोज, भरल्या वर्गापुढें, द्यावी लागत होती.

परंतु ह्या वाचनाची किंमतही त्यांनीं भारी दिली. रात्रीच्या दिव्याखालीं अतोनात वाचून त्यांचे डोळे बिघडले. कांहीं महिने डोळ्यांस पूर्ण विश्रांति द्यावी लागली, व त्या काळांत मित्रांनीं वाचावें आणि त्यांनीं ऐकावें असा अभ्यास चालला. दृष्टि पुढें जन्मभर अधूच राहिली. हायकोर्टाचे न्यायाधीश झाल्यावरही वर्तमानपत्रें, पुस्तकें व कागदपत्रें दुसऱ्याकडून वाचून घेण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि हें वाचण्याचें काम कित्येक वेळां त्यांच्या पत्नी रमाबाई करीत. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पहाटेपर्यंत जागून दुसऱ्या दिवशीं तांबारलेल्या डोळ्यांनीं मोठ्या अभिमानानें शाळेंत येणारीं मुलें आम्ही दरवर्षीं पाहतों. रानड्यांसारखें वाचन त्यांतील एकाचेंही झालेलें नसतें, जागरण मात्र रानड्यांसारखें असतें.

१८६२ सालीं बी. ए., १८६४ सालीं एम. ए., १८६६ सालीं कायद्याची पदवी. ह्या यशाच्या भरांतच पुढील दोन गोष्टी घडल्या. पहिली गोष्ट मानाची आहे. त्यांची इतिहासाची उत्तरपत्रिका परीक्षकांना इतकी उत्कृष्ट वाटली, कीं हिंदुस्थानांतील विद्यार्थी काय लिहूं शकतो हें दाखविण्याकरितां ती विलायतेस पाठविण्यांत आली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. दुसरी गोष्ट शिक्षेची आहे. त्या वेळीं एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ विद्वानांत मान्य होता, व पुढें ते एडिंबरो विश्वविद्यालयाचे प्रमुख झाले. मोठा विद्वान मनुष्य, आणि रानड्यांवर त्यांचा लोभही होता. रानड्यांनीं एका निबंधांत मराठ्यांचें राज्य व इंग्रजांचें राज्य यांची तुलना केली, आणि ती इंग्रजांच्या राज्याला फारशी अनुकूल नव्हती. ग्रँटसाहेबांनीं त्यांना बोलावून घेतलें. जें सरकार तुला शिक्षण देत आहे त्याचीच निंदा करणें तुला शोभत नाहीं, अशा अर्थाची कानउघाडणी केली, आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ति बंद ठेवली.

एकाच विद्यार्थ्याचें इतिहासाचें लिखाण एकदां नमुना म्हणून विलायतेस जातें आणि एकदां अपराध म्हणून साहेबांच्या टेबलावर येतें! परीक्षकाची मर्जी ही काय वस्तु आहे, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

त्या काळीं मराठ्यांच्या इतिहासाविषयीं मुलांच्या हातीं काय होतें, हेंही सांगितलें पाहिजे. कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा पेशवाईच्या अखेरीनंतर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. तेथें त्यानें मेहनतीनें कागदपत्र व बखरी जमविल्या व १८२६ सालीं लंडनमध्यें तीन भागांत आपला इतिहास प्रसिद्ध केला. कॅप्टन डेव्हिड केपन यानें त्याचें मराठींत रूपांतर केलें, आणि ‘मराठ्यांची बखर’ ह्या नांवानें तें पुस्तक शाळांतून चालूं लागलें. म्हणजे शिवाजीच्या देशांतील मुलें शिवाजीचा इतिहास एका परकीय अधिकाऱ्याच्या ग्रंथावरून पाठ करीत होतीं. ग्रँट डफचे उपकार मोठे आहेत. त्यानें जमविलें नसतें तर पुष्कळ नाहींसें झालें असतें. पण मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रींतील वाळलेल्या गवताला अकस्मात् लागलेला वणवा, असें जें चित्र त्यानें उभें केलें, तें विचारी तरुणांस पटेना. पुढें १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या पुण्याच्या तरुण विद्यार्थ्यानें ग्रँट डफच्या इतिहासावर उघड टीका लिहून ती छापविली. रानड्यांचा निबंध हा त्याच असमाधानाचा त्यापूर्वींचा सूर होता.

येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही पदवीच्या परीक्षेला बसलों, तेव्हां इतिहासाच्या एका प्रश्नाचें उत्तर आम्हांस एक वाटत होतें आणि परीक्षकांचें मत, तें कॉलेजांत सर्वांस ठाऊक असल्यामुळें, दुसरें होतें. आम्हीं परीक्षकांचें मत मोठ्या सफाईनें लिहिलें, त्याला पुष्टि देणारे मुद्देही योजिले, आणि चांगले गुण मिळविले. त्या दिवशीं कोणीं आमची शिष्यवृत्ति बंद केली नाहीं. पण पुढें मुलांना तोच भाग शिकवितांना प्रत्येक वेळीं आमचा आवाज थोडा बसतो. म्हणूनच ग्रँटसाहेबांपुढें उभ्या राहिलेल्या त्या अधू दृष्टीच्या तरुणाविषयीं आम्हांस आदर आणि थोडा हेवाही वाटतो.

ग्रँटसाहेबांविषयीं रानड्यांनीं मनांत डंख ठेवला नाहीं. पुढेंही ते त्यांचें नांव आदरानें घेत. जें पटलें तें सोडूनही दिलें नाहीं. रागावणें सोपें आहे, शरण जाणें त्याहून सोपें आहे. ह्या दोहोंपैकीं कांहींच न करितां तोच विषय चाळीस वर्षें मनांत वागवणें फार थोड्यांना साधतें.

मधल्या चाळीस वर्षांचा वृत्तान्त येथें सविस्तर देत नाहीं; तो सर्वांस माहीत आहे. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटास कारभारी, कोल्हापुरास न्यायाधीश, १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक, आणि १८७१ सालीं पुण्यास सबजज्ज. पुण्यास त्यांनीं सार्वजनिक सभेला बळ दिलें, १८७८ पासून तिच्या त्रैमासिकांत देशाच्या आर्थिक स्थितीवर लेख लिहिले, प्रार्थनासमाज, विधवाविवाह, मुलींचें हायस्कूल अशा कित्येक कामांस हात घातला. सरकारची वक्रदृष्टि ह्या काळांतही एकदां फिरली. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें व पुण्यास बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, तेव्हां रानड्यांवर संशय धरून त्यांची नाशिकाहून धुळ्यास तडकाफडकीं बदली करण्यांत आली. तेथें त्यांची पत्रें गुपचूप फोडून वाचलीं जात. त्यांनीं तक्रार केली नाहीं. काम करीत राहिले, आणि संशय आपोआप मावळला. १८९३ सालीं न्यायमूर्ति तेलंग वारले, तेव्हां त्यांच्या जागीं हायकोर्टाच्या न्यायासनावर रानड्यांची नेमणूक झाली.

त्यांची पाटी सर्वच बाबतींत स्वच्छ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. १८७३ सालीं पहिली पत्नी वारली, तेव्हां विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढें नमला व एकतीस वर्षांच्या वयांत अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यानें लग्न केलें. लोकांनीं त्याबद्दल दोष दिला, आणि तो खोटा नव्हता. ज्यानें साहेबापुढें आपलें उत्तर बदललें नाहीं, त्यास घरांत वडिलांपुढें तें बदलावें लागलें. मात्र त्या मुलीला त्यांनीं लग्नानंतर लगेच स्वतः पाटी-पेन्सिल देऊन शिकविण्यास आरंभ केला. घरांतील बायकांचा विरोध व टोमणे सोसून ती शिकली, आणि पुढें पुण्यास सेवासदन उभें करणाऱ्या रमाबाई रानडे त्या ह्याच. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हा सारा प्रपंच वाचावयास मिळतो. आमच्या शाळेंतील मुलींनीं तें पुस्तक अवश्य वाचावें, आणि त्यांच्या आयांनींही.

परीक्षेच्या ओझ्याखालीं स्वतःचे डोळे गमावलेल्या ह्या मनुष्यानें पुढें परीक्षेकडे दुसऱ्या बाजूनें, म्हणजे विश्वविद्यालयाच्या सेनेटमध्यें बसून पाहिलें. तेथील त्यांचें काम आमच्या मतें पुरेसें प्रसिद्ध नाहीं. विश्वविद्यालयाच्या आरंभींच्या काळांतच मराठी वगैरे देशी भाषा वरच्या परीक्षांतून काढून टाकण्यांत आल्या होत्या. कारण असें देण्यांत येई, कीं ह्या भाषांत परीक्षा घेण्याजोगें वाङ्मयच नाहीं. रानड्यांनीं ह्याला उत्तर भाषणानें दिलें नाहीं. छापलेल्या मराठी ग्रंथांची गणती करून, त्यांची विषयवार छाननी करून, मराठी वाङ्मयाच्या वाढीवर निबंध लिहिले. वर्षानुवर्षें सेनेटांत हा प्रश्न लावून धरला, आणि त्यांच्या आयुष्याच्या अखेरीच्या सुमारास एम. ए. च्या परीक्षेंत मराठीचा प्रवेश झाला. ज्या भाषेंत हें पान छापलें आहे, ती भाषा उच्च परीक्षेस योग्य आहे कीं नाहीं याबद्दल एके काळीं वाद होता, हें आजच्या मुलांना खरें वाटणार नाहीं.

१८९४ सालीं त्यांनीं पदवीधरांच्या अकालीं मृत्यूंचा प्रश्न हातीं घेतला. विश्वविद्यालयाचे कित्येक पदवीधर ऐन तारुण्यांत मरण पावत होते. अशा वेळीं सामान्य मनुष्य हळहळतो आणि दैवाला बोल लावतो. रानड्यांनीं आकडे जमविले. कोणत्या समाजाचे किती पदवीधर झाले, किती वारले, हें ताडून पाहिलें, आणि पारशी पदवीधरांशीं तुलना करितां हिंदु पदवीधरांचें प्रमाण फार वाईट आहे असें दाखविलें. परीक्षा दोघांचीही तीच होती. मग केवळ परीक्षेलाच दोष देऊन भागत नाहीं, राहणी, व्यायामाचा अभाव, कोंवळ्या वयांतील संसार यांकडेही पाहावें लागतें. परंतु परीक्षेलाही त्यांनीं निर्दोष ठरविलें नाहीं. एकदां एका विषयांत उत्तीर्ण झालेल्या मुलास दुसऱ्या विषयांतील अपयशामुळें सगळेच विषय पुन्हां देण्यास लावूं नये, असें त्यांचें मत होतें. नापास झालेल्या मुलाच्या घरीं काय चालतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ह्या मताची किंमत कळेल. आम्हीं तें पाहिलें आहे. निकालाच्या दिवशीं शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहणारा, आंत येऊन पाटी पाहण्याचें धैर्य नसलेला मुलगा प्रत्येक वर्षीं एक तरी असतोच.

आतां त्या जुन्या निबंधाकडे वळूं. हायकोर्टाचें काम करून उरलेला वेळ रानड्यांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पुन्हां मराठ्यांच्या इतिहासास दिला. तरुणपणीं त्यांच्यापाशीं तळमळ होती, पण साधनें थोडीं होतीं. ग्रँट डफ आणि कांहीं बखरी, एवढेंच. आतां पुण्याच्या पेशवे दफ्तरांतून रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले रोजनिशींतील उतारे त्यांच्या हातीं आले. शाहू महाराजांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंतच्या कारभाराचे हे कागद : वसुली, न्याय, दिव्यें, टांकसाळी, पलटणींचे पगार, जातींचे तंटे, इनामें, दक्षिणा. लढायांच्या इतिहासांत ह्यांतील कांहींच सांपडत नाहीं. त्या अधू डोळ्यांनीं, व दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून, त्यांनीं त्या हजारों पानांचा अभ्यास केला. मराठ्यांच्या नाण्यांवर व टांकसाळींवर एक निबंध, आणि १९०० सालीं ह्या रोजनिशींवर दुसरा निबंध त्यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें ठेवला. त्याच वर्षीं ‘मराठ्यांच्या सत्तेचा उदय’ हा त्यांचा मूळ इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला.

ह्या ग्रंथांत वणव्याचें चित्र त्यांनीं बाजूस सारलें, आणि त्याच्या जागीं शेताचें चित्र घातलें. दुसऱ्या प्रकरणांत जमीन कशी तयार झाली, मग बीं कसें पेरलें गेलें, मग रोप कसें वाढलें, मग फूल, मग फळ, अशीं प्रकरणें आहेत. वणवा कोणी न पेरतां पेटतो. पीक पेरल्यावांचून येत नाहीं. सह्याद्रीची भूमि, गांवोगांवची पंचायत, दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांत शिरलेले मराठे मुत्सद्दी व सरदार, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ज्ञानदेवापासून तुकाराम-रामदासांपर्यंत सर्व जातींतून निघालेले संत, यांनीं ही जमीन नांगरली, असें त्यांचें म्हणणें. संतांच्या ह्या चळवळीची तुलना त्यांनीं युरोपांतील धर्मसुधारणेशीं केली आहे. ही तुलना सर्वांशीं जुळते असें आम्हांस वाटत नाहीं. तरी लोकभाषेंत देवाचें नांव सामान्य माणसाच्या ओंठीं आलें म्हणजे त्याची मान ताठ होते, हा त्यांतील मुद्दा नाकारतां येत नाहीं.

शिवाजीच्या राज्यकारभारावरील प्रकरण तर परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलानें समजून घ्यावें असें आहे. आमच्या मुलांस १६७४ सालीं राज्याभिषेक झाला हें येतें, अष्टप्रधानांचीं नांवें येतात, कोणी कोणी तीं एका दमांतही म्हणतात. पण प्रधान आठच कां व कशासाठीं, हें विचारलें कीं वर्ग शांत होतो. रानडे कारणें देतात. किल्ल्यांवर राज्याचा भर. अधिकार बापाकडून मुलाकडे वारशानें न जाणें. नोकरीबद्दल जहागीर न देतां रोख वेतन. वसूल मक्त्यानें न देतां पगारी अंमलदारांकरवीं घेणें. ब्राह्मण, प्रभु, मराठे अशा निरनिराळ्या जातींच्या लोकांस कारभारांत एकत्र घालून परस्परांवर वचक ठेवणें. एवढीं सूत्रें हातीं धरलीं म्हणजे पुढील शंभर वर्षांचा इतिहास पाठ करावा लागत नाहीं, तो उलगडत जातो. कोणतें सूत्र केव्हां सुटलें, एवढेंच पाहत जावयाचें.

आणि नेमकें तेंच रानड्यांनीं रोजनिशींवरील निबंधांत पाहिलें. ज्यानें विसाव्या वर्षीं मराठ्यांच्या राज्याची बाजू घेऊन शिक्षा भोगली, त्यानें अठ्ठावनाव्या वर्षीं त्याच राज्याचे दोष कागदोपत्रीं मांडले. अधिकार वंशपरंपरेचे झाले, अष्टप्रधानांची संस्था नांवापुरती उरली, ब्राह्मणा-ब्राह्मणांतील पोटजातींचे मत्सरही राज्यांत शिरले, दक्षिणेंत व दानधर्मांत द्रव्य गेलें, पण शास्त्रीय ज्ञानाची हेळसांड झाली. हें लिहिणारा स्वतः कोंकणस्थ ब्राह्मण, पुण्यास राहिलेला, पेशवाईच्या आठवणी सांगणाऱ्या माणसांत वाढलेला. येथें आम्हांस तो खांबाचा खेळ आठवला. ह्या वेळीं आपलें घराणें, आपली जाति, आपला अभिमान हे एका बाजूस होते आणि कागद दुसऱ्या बाजूस. उजवा हात त्यांनीं कागदांना दिला. त्याच निबंधांत न्यायाची व कारभाराची जी चांगली व्यवस्था दिसली तीही त्यांनीं तितक्याच मोकळेपणानें दाखविली.

ह्याला आम्ही उजळणी म्हणतों. तेंच पान दहा वेळां डोळ्यांखालून घालणें ही उजळणी खरी, पण ती धाकट्या इयत्तेची. जें उत्तर एकदां लिहिलें, ज्याकरितां त्रासही सोसला, तें नव्या पुराव्यापुढें पुन्हां ठेवावयाचें, आणि त्यांतील जेवढें टिकेल तेवढें ठेवून बाकीचें स्वतःच्या हातानें खोडावयाचें, ही वरच्या इयत्तेची.

त्या मुलाला आम्हीं ह्या वर्षीं बोलावून घेतलें, व गेल्या वर्षीं दिलेलें उत्तर मागें घेतलें. त्यास सांगितलें, कीं प्रथम पुस्तकांत काय कारण दिलें आहे तें नीट, न तोडतां लिही, म्हणजे तुला तें ठाऊक आहे हें परीक्षकास कळेल. मग तें तुला कां पटत नाहीं तें लिही, आणि प्रत्येक वाक्याला आधार दे. आधार नसेल तेथें लिहूं नको. त्यानें विचारलें, कीं असें लिहिल्यानें गुण कमी झाले तर? आम्हीं त्यास खोटें आश्वासन दिलें नाहीं. कमी होतीलही, असें म्हणालों, आणि रानड्यांच्या सहा महिन्यांची गोष्ट सांगितली. तो विचार करीत गेला. त्यानें काय लिहिलें तें उत्तरपत्रिका हातीं आल्यावर कळेल.

रानड्यांचा ग्रंथ हा पहिला भाग होता. पेशव्यांच्या काळांतील राज्यमंडळाचा इतिहास दुसऱ्या भागांत यावयाचा होता. हें काम मुळांत न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या सहकार्यानें करण्याचें ठरलें होतें. तेलंग मध्येंच गेले, म्हणून त्यांचा मराठी बखरींवरील एक निबंध रानड्यांनीं आपल्या ग्रंथाच्या शेवटीं जोडला. ग्रंथ निघाला त्या वर्षीं त्यांची प्रकृति ढासळली होती. त्यांनीं रजा घेतली, तरी वाचून घेणें व लिहविणें चालूच होतें. १६ जानेवारी १९०१ रोजीं रात्रीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. एकुणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. दुसऱ्या भागाचे कागद जमविलेले होते. तो लिहावयाचा राहिला.